खेचरांची वाघीण

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात,
का, ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.
पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर
दोनशे वर्षांपूर्वी
चौदा वाघिणी दगडी कोळशाने भरून
सोडून देत उतारावर.
इंजिन त्या मुलखात अजून आलं नव्हतं.
लाकडाचे रूळ, वर ठोकलेली लोखंडाची पट्टी,
आणि ओढायला नुसती पृथ्वी.

शेवटच्या वाघिणीत खेचरं असत.
चार खेचरं, पुढ्यात ओटचं घमेलं,
वाऱ्याने कान मागे पडलेले,
नऊ मैल, अर्ध्या तासात.
खाली कालव्याच्या धक्क्यावर
कोळसा होड्यांत धडधडत रिकामा झाला
की ती शिस्तीत उतरत
आणि रिकाम्या वाघिणी ओढत वर निघत. चार तास.
चढ त्यांचा, उतार पृथ्वीचा,
अशी वाटणी.

खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, असाही अर्थ कोशात आहे.
कोशकाराने ही गाडी पाहिली नसणार.

ब्रेकवर योस्ट डायबर्ट, वय तेरा.
ब्रेक म्हणजे हिकरीचा दांडा,
त्यावर सगळं अंग टाकायचं
आणि वळण संपेपर्यंत उचलायचं नाही.
नोव्हेंबरात रुळांवर ओली पानं पडली होती
तेव्हा त्याची दोन बोटं गेली.
उरलेल्या तिघांनी काम होतं, असं मुकादम म्हणाला,
आणि होतही होतं.

एकदा खेचरांच्या वाघिणीचा आस मोडला.
एलिफलेट प्राउट, वरचा मुकादम, म्हणाला,
चालवत न्या खाली, पाय दिलेत ना देवाने.
खेचरं उताराच्या तोंडाशी येऊन थांबली.
चाबूक झाला. ओट दाखवून झाले.
डोळ्यांवर फडकं बांधून झालं.
चार वेल्श खाणकामगार पुढून लगाम ओढत होते,
त्यांच्याच टाचा चिखलात रुतल्या.
पायी उतरणं ठरलेलं नव्हतं.
सही कुणी केली नव्हती, तरी नव्हतं.

वहीत नोंद आहे: खेचरांपायी दोन खेपा बुडाल्या.
खाणकामगार रोज पायीच उतरत घरी.
त्या संध्याकाळी ते तिथे बराच वेळ उभे राहिले,
टोप्या हातात, बघत.
त्याची नोंद नाही.

मग माथ्यावर बॉयलर आला,
लोखंडी पट्ट्याने वाघिणी वर खेचू लागला,
आणि खेचरं लिलावात निघाली.
कुनिगुंड नावाची एक, डाव्या कानाला खाच असलेली,
अपोलोनिया रेबर नावाच्या विधवेने घेतली,
साडेअकरा डॉलरला.

तिचं शेत टेकडीवर.
कुनिगुंड नांगर घेऊन चढावर चढे,
गुमान, एका रेषेत,
आणि माथ्यावर पोचली की उभी.
मागे वळून बघे.
विधवा शिव्या देई जर्मनमध्ये, मग इंग्रजीत,
मग स्वतःच नांगर खांद्यावर घेऊन उतरे.
शेजारी म्हणत, जनावराला भूतबाधा आहे.

सहा वर्षांनी पत्र्याची भांडी विकत
योस्ट त्या वाटेने आला.
खाच ओळखली.
म्हणाला, बाई, बाधा कसली,
ती तिच्या गाडीची वाट बघतेय.

वाळलेल्या गवताची एक चारचाकी माथ्यावर होती,
चाकाखाली धोंडा.
त्याने फळी लावली.
कुनिगुंड कुणी न सांगता चढली,
तोंड उताराकडे करून उभी राहिली,
आणि कान आधीच मागे.

योस्टने दांडा धरला, तीन बोटांनी.
खाली शेत, शेताखाली ओढा,
ओढ्याशी विधवा हात हलवत ओरडत होती,
थांब, थांब, असं असावं बहुतेक.
त्याने पायाने धोंडा सरकवला.