खसखस

फ्रिजच्या मागे अर्धा शिरून
शफीक मिस्त्री म्हणाला,
बाई, मस्कतला निघालात ना,
मग ही खसखस आधी काढा.

ओट्यावर तेहतीस अनारसे मांडले होते,
अधिक महिन्याचं जावयाचं वाण.
खसखस सियागंजातून आणलेली,
आमच्याच मंदसौरकडच्या शेतांची.
तिकडे ती अफूच्या घरची मानतात, म्हणाला,
दाण्यापायी विमानतळावर रात्र काढाल.
तीळ लावा. तिळाला कुणी विचारत नाही.

मग पाना फिरवत सांगतच राहिला
एकोणीस वर्षांचं:
गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये, बॅगेत नाही.
शुक्रवारी सकाळी कुणाचं दार वाजवू नका.
बायकांचा फोटो विचारल्याशिवाय नको.
एखाद्यानं हात पुढे केला नाही, छातीवर ठेवला,
तर तो नमस्कारच, राग मानू नका.
इन्शाल्ला म्हणाले की घड्याळ बघू नका.
आणि कुणाच्या घरातली वस्तू
फार छान आहे म्हणू नका,
देऊन टाकतात.
मला एकानं भिंतीवरचं घड्याळ दिलं,
खजरान्यात आहे अजून, दीड तास मागे.
मी काटे हलवले नाहीत.

कॉफीचा पेला एवढासा, त्याला कान नसतो.
उजव्या हातानंच घ्यायचा.
रिकामा पुढे धरलात की पुन्हा भरतात,
पुरे झालं तर असा हलवायचा, डावीउजवीकडे.
मला कुठे ठाऊक!
निझव्याला एका घरी एसी लावला,
मालक स्वतः वाकून ओततोय,
मी हिंदीत नको म्हणतोय, मराठीत नको म्हणतोय.
अकरा पेले, बाई!
रात्रभर छताकडे बघत पडलो.

शेवटी धूप फिरवतात, लोबान.
तो फिरला की उठायचं.
मी म्हटलं, आमच्याकडे अत्तरगुलाब झाला की उठतात, तसंच.
असेल, म्हणाला.

असेल.
सोळा वर्षं येतो आमच्याकडे,
मिक्सर, गीझर, सासूबाईंचा रेडिओ.
बैठकीत कधी बसलेला नाही.

फ्रिज घरघरला. मी चहा टाकला.
हात आपोआप खिडकीकडे गेला,
जाळीजवळ पालथा ठेवलेल्या कपाकडे.
कान तुटलेला, वेगळा धुतला जाणारा.
सासूबाई गेल्या त्याला सात वर्षं झाली,
कप जागचा हलला नव्हता.
माझ्याकडूनच.

वरच्या फळीवरचा काढला, निळ्या फुलांचा,
बशीसकट.
त्यानं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
फडक्यानं बोटं पुसली, एकेक,
आणि उजव्या हातानं घेतला.
संपल्यावर मी पातेलं पुढे केलं.
त्यानं कप हलवला नाही.
मीही विचारलं नाही, ओतला.

पैसे? आल्यावर द्या, म्हणाला,
जाताना घरातून पैसे काढू नका.
ही तिकडची रीत का? मी विचारलं.
नाही, खजरान्याची.

रात्री एकटीच बसले,
तेहतीस अनारसे, एक बोथट सुरी.
नवे करायला पीठ उरलं नव्हतं.
खरवडत राहिले, दिव्याखाली धरून बघत राहिले.
पुरती निघत नाही खसखस.
जाळीत कुठेतरी, तुपात तळून पक्का झालेला,
एखादा दाणा राहतोच.