आडवी रेघ

सांगलीच्या पाणी प्रयोगशाळेत
एकोणीस वर्षं मी बाटल्या धुतो, भरतो,
उजेडाकडे धरतो.
सामू, गढूळपणा, जडपणा, उरलेला क्लोरीन,
जंतू आहेत की नाहीत.
रजिस्टरात अकरा रकाने.
ते भरले की शिक्का:
पिण्यास योग्य.

त्रिशला मगदूम आल्या तेव्हा
हळदीचे सौदे चालू होते,
यार्डाकडून येणारा वारासुद्धा पिवळा.
हातात घासलेली पितळी कळशी,
तोंडाला चौपदरी फडकं.
"बघा की वो," म्हणाल्या,
"सासूबाईंनी शिकवलंय तसं गाळते.
फडक्यात राहिलेलं नदीत परत सोडते,
जीव असतोय त्यात.
पण हे गाळून पण राहतंय.
कळशी हलवली की फेस येतोय
आणि जातच नाही, बसून राहतोय
न बोलावलेल्या पाव्हण्यासारखा."

मी वास घेतला. नव्हता.
अकरा रकाने भरले. अकराही सरळ.
मग शाळेत केलं होतं तसं केलं:
हळदीत बुडवून वाळवलेला कागद.
साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो,
हे इथल्या प्रत्येक हमालाच्या बायकोला माहीत.
कागद पिवळाच राहिला.
या गावात हळदीला न कळलेलं काही असेल
असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पुण्याला एक बाटली पाठवली,
ऑफिसला न सांगता, पदरच्या पैशानं.
सहा हजार चारशे.
घरी सांगितलं, गाडीचं इंजिन उतरवलं.
दीड महिन्यानं कागद आला.
त्यावरचं नाव एवढं लांब की
बाबालाल शिकलगार, आमचा वॉल्व्हमन, म्हणाला,
"ह्ये नाव हाय का मालगाडी?"
नावापुढे आकडा.
आकड्यापुढे 'मर्यादा' असा रकाना
आणि त्यात एक आडवी रेघ.

फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती.
"सर, याला मर्यादा ठरलेली नाही अजून.
म्हणजे जास्त आहे असं म्हणता येत नाही."
आणि कमी आहे असं?
फोनात बराच वेळ पंखा फिरत राहिला.

नदीच्या वरच्या अंगाला एक शेड आहे,
तिथे तव्यांना काळा लेप देतात.
माझा मेहुणा दुसऱ्या पाळीला असतो.
त्यानं आणलेल्या तव्यावर
आमच्याकडे रविवारी घावन होतात,
तेलाशिवाय सुटतात, अलगद.
विचारलं, धुतलेलं पाणी कुठं जातं?
"नाल्यात, दाजी. पण सगळं नियमात बसतंय."
खोटं बोलत नव्हता.
ज्याला काही चिकटू नये म्हणूनच केलंय
त्याला नियम तरी कुठून चिकटणार.
त्या रविवारी मी पोटभर खाल्लं,
हेही लिहून ठेवतो.

अर्ज केला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला.
मग पट्टी घेऊन रजिस्टरात
पेन्सिलीनं बारावा रकाना आखला.
वर काय लिहावं? मालगाडी मावेना.
'फेस' लिहिलं.
एप्रिलात नवं रजिस्टर आलं,
छापील, अकराच रकान्यांचं.
परत आखला.
साहेबांनी पाहिलं, विचारलं नाही.

त्रिशलाताई एकदा रिपोर्ट न्यायला आल्या.
मी शिक्क्याचा कागद पुढे केला
आणि त्याखाली दुसरा, पुण्याचा.
त्यांनी चष्मा लावून रेघ पाहिली,
बोटानं पुसून पाहिली, धूळ असेल म्हणून.
"मग प्यायचं काय?"
माझ्या टेबलावर माझा तांब्या होता, अर्धा प्यालेला.
त्यांनी तो पाहिला.
मग काही न बोलता पिशवीतून ओलं फडकं काढलं,
म्हणाल्या, "हे तेवढं सोडून येते."

खिडकीतून घाट दिसतो.
पायरीवर वाकून त्या फडकं उलटं करत होत्या,
हळू, झटका न देता,
झोपलेल्या पोराखालची चादर काढावी तसं.
जिथून जीव आले तिथेच सोडायचे:
हे त्यांच्या कुठल्याच रजिस्टरात नाही.
पाण्यावर थोडा फेस आला.
त्या उठल्या नाहीत.
तो विरायची वाट बघत बसल्या.