मूळ देश

वस्तूचं वर्णन : कॅमेरा, जुना, हाताने फिल्म ओढायचा.
नग : एक.
वजन : चामड्याच्या पिशवीसकट सातशे नव्वद ग्रॅम.
इथवर बोटं न अडखळता चालतात.
मग तो रकाना येतो, मूळ देश,
बाण दाबला की खाली लोंबते
जगातल्या सगळ्या देशांची यादी
आणि तिच्यात तो देश नसतो.

ओतारकाका भिंग पुसता पुसता विचारतो, काय अडलं?
म्हटलं, तुझा देश सापडत नाहीये.
नीट बघ, म्हणतो,
चांगला मोठा होता.

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
बावीस वर्षं तो चादर अंथरून बसला.
पदकं, चमचे, कुणाकुणाच्या आज्यांची कानातली,
आणि कोपऱ्यात दुरुस्त केलेले कॅमेरे, पावसात प्लास्टिकखाली.
आता चादरीत मी हिवाळ्याचे बटाटे ठेवते.
दुकान माझ्या फोनमध्ये आहे,
गिऱ्हाईक ओसाकाला, बर्गनला, विनिपेगला.

बर्गनचा हॉल्व्हार लिहितो :
कागदावर 'भेटवस्तू' लिहाल का? किंमत वीस टाका.
काका म्हणतो, त्याला कळव,
भेट द्यायला आधी ओळख लागते.

गेल्या वर्षी एका कॅमेऱ्यापुढे मी रशिया निवडलं.
कारखाना तिकडचाच होता, खोटं काय लिहायचं?
ती पेटी रोटरडॅमला अडकली
आणि नऊ आठवड्यांनी पिवळी पट्टी लावून घरी आली.
काकाने ती फोडली नाही.
कपाटावर आहे, मांजर झोपतं तिच्यावर.

हा मात्र खारकिवचा.
पण हा जन्मला त्या साली
खारकिवचा देश हा त्या मोठ्या देशाचा एक तुकडा होता,
माझ्या बापाच्या जन्मदाखल्यावर आहे तसा.
आणि शटरचं कापड तर काकाने परवाच
माझ्या मोडक्या छत्रीतून कापलं.
मग छत्रीचाही देश लिहू?
छत्री चिनी होती.

विनिपेगची लेस्या ऑर्डरखाली दोनच ओळी लिहिते :
आई त्या कारखान्यात भिंगं तपासायची.
पावती नको.
मी युक्रेन निवडलं.
संगणकाने विचारलं नाही, कुठल्या सालातलं.

पेटीत ठेवताना लक्षात आलं,
मोजणीचा काटा अकरावर आहे.
काकाने हलकेच दांडी फिरवून बघितली. ताण होता.
आत फिल्म होती.
कुणीतरी अकरा वेळा डोळा लावला होता
आणि बाराव्याच्या आधी काहीतरी झालं,
किंवा काहीच झालं नाही, नुसताच कंटाळा.

काढून ठेवू? म्हटलं. यादीत नव्हती.
तो म्हणाला, कॅमेऱ्यातली आहे, कॅमेऱ्यासोबत जाऊ दे.

मग दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीला जकातीचा आकडा लागतो.
वाटलं होतं, असल्या गोष्टीला आकडा कुठला असणार.
आहे. सदतीस शून्य चार :
उजेड दाखवलेली, पण न धुतलेली.
मी ते काकाला वाचून दाखवलं.
त्याने चष्मा काढला,
पुन्हा वाच, म्हणाला.

टपालघरात म्झिया घड्याळाकडे बघत होती, गाडी चारला जाते.
फिल्मची किंमत?
एक डॉलर.
आत काय आहे?
ठाऊक नाही.
असं नको बोलूस गं, म्हणाली, वर कॅमेरा लावलाय.

तळाशी छापील वाक्य असतं :
यात धोकादायक काहीही नाही, अशी मी हमी देते.
खाली माझी सही, थिओना,
शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं.

आता तीन विमानतळांवर
यंत्रं तिच्यातून आरपार बघतील,
त्यांना काही दिसणार नाही,
आणि दर वेळी ती थोडी थोडी धुरकटत जाईल.
लेस्याला हे कळवायचं राहिलं.

घरी आले तर काका कपाटावरची पेटी उतरवत होता.
मांजर रागावून बसलं होतं.
पट्टी फाडत म्हणाला,
हिच्यात आकडा कितीवर होता,
आपण बघितलंच नव्हतं.