कारणे दाखवा

मा. आगार व्यवस्थापक साहेब,
आपली नोटीस मिळाली.
ओगलेवाडी स्टेशनवरून शेवटची बस
२१.४० ऐवजी २१.५१ ला का सुटली,
याचा खुलासा मागितलाय.

खुलासा असा, की रेल्वे लेट होती.
एवढंच लिहून सही केली असती,
पण खाली सात ओळी मोकळ्या सोडल्यात तुम्ही,
आणि मला मोकळी सीट बघवत नाही.

आमचे मालक रेल्वेत पॉइंट्समन.
घरात दोन पास, एक त्यांच्या खात्याचा, एक आपल्या.
पुण्याहून घरी यायचं तर
कराड स्टेशनपर्यंत त्यांच्या पासाची मी बायको,
तिथून स्टँडपर्यंत माझ्या पासाचे ते नवरे.
मधल्या पाच-सहा किलोमीटरसाठी
पर्समधला कप्पा बदलावा लागतो.

त्या रात्री त्यांचा फोन आला,
"शिरवडं सोडलंय."
दोनच शब्द.
(हे वाक्य त्यांच्या खात्याकडे पाठवू नये.)

चालक येडगे यांनी लगेच इंजिन बंद केलं,
त्यामुळे नोटिशीतलं डिझेल खोडावं.
अकरा मिनिटं आम्ही अंधारात बसलो.
समोर वडापची जीप उभी होती.
वडापवाला थांबतो, हे मला मान्य.
पण तो माणसांसाठी थांबत नाही,
माणसं भरेपर्यंत थांबतो.
नऊजण असले की पन्नास रुपये सीट,
दोघंच असले की दोनशे,
आणि एकच बाई असली
तर ती आधी जीपच्या आत बघते, मग आभाळाकडे.

गाडी आली. नऊजण उतरले.
भरतीची धाव देऊन आलेल्या दोघी पोरी,
बूट लेसनं गळ्यात अडकवलेले.
एक आई, एक्स-रेचा लिफाफा छातीशी धरून,
मागून प्लॅस्टरवाला पोरगा, लंगडत.
आणि पोत्यात जळकी मोटार घेऊन एक म्हातारा,
पुण्यात वायंडिंगवाल्यानं परत धाडलेला.

मी तिकीट म्हटलं,
तर त्यानं रेल्वेचंच पुढं केलं.
"हे हाय की, बाई."
म्हटलं, बाबा, ते रेल्वेचं. हे एसटीचं.
"दोन्ही सरकारचंच न्हवं?"
म्हटलं, ते दिल्लीचं, हे मुंबईचं.
त्यानं पोतं खाली ठेवलं. हात झाडले.
"दिल्लीलाबी मीच भरतो. मुंबईलाबी मीच.
मग मधी कोण बसलंय?"

साहेब, एवीस वर्षांत प्रशिक्षणाला तीनदा गेले.
सुट्टे पैसे, मशीनचा रोल, दारूड्याशी कसं बोलावं,
सगळं शिकवलं. हे नाही शिकवलं.
मी अर्धं तिकीट फाडून दिलं.
त्यानं ते रेल्वेच्या तिकिटावर ठेवलं,
काठाला काठ लावून,
दोन्हींची मिळून एकच घडी घातली
आणि खिशात टाकली.
त्याच्यापुरतं झालं एक तिकीट.

सासरे माझे काचेच्या कारखान्यात होते.
मालकाला परवडलं तोवर भट्टी पेटली.
विझली, तेव्हा कुणी त्यांना
कारणे दाखवा म्हणायला गेलं नाही.
तुम्ही मला विचारताय, हे मला बरं वाटतं.
खरंच सांगते.
ज्याला विचारता येतं, ते आपलं असतं.

वेबिल सोबत जोडलंय. नऊ तिकिटं, त्यात अर्धी पाच.
अकरा मिनिटांची शिक्षा मान्य आहे.
उद्या फोन आला तर काय करायचं, ते लेखी कळवावं.
नाही कळवलं, तर मला माहीत आहे.

आपली विश्वासू,
वैजयंता लोहार, वाहक

ता. क. स्टेशनातलं घड्याळ आणि आपल्या स्टँडवरचं,
यांत चार मिनिटांचा फरक आहे.
म्हणजे माझी खरी सातच.
उरलेली चार कुणाच्या नावावर टाकायची
ते दोन्ही साहेबांनी एकदा चहाला बसून ठरवावं.
चहा मी देते.