विकतचे दोर

एलिएसेरमामाची वेबसाइट मी जूनमध्ये लावली,
ऐन हिवाळ्यात, चुलीशी पाय शेकत.
आठ फोटो, फोन नंबर, आणि एक ओळ त्याच्या तोंडची:
‘भाता फाटला तरी घाबरू नका. सूर आतच असतो.’

दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी त्याने शोधलं.
केमची. अकॉर्डियन. दुरुस्ती.
सान्तियागोचं मोठं दुकान निघालं, पियानोवाले निघाले,
आणि सगळ्यांच्या वर पुएर्तो मोंतचा ओयार्सून,
जो जाऊन सहा वर्षं झाली,
ज्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

‘मेलेला माणूस वर. आणि मी?’
मी बोटाने खाली खाली जात राहिले.
सातव्या पानावर, बियाण्याचे बटाटे
आणि कुठलासा नाचाचा क्लास यांच्या मध्ये
मामा अंग चोरून उभा होता.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
इथे नव्वद दिवस नव्याला
कुणी नावही विचारत नाही.

मी म्हटलं, मामा, यंत्राला कान नसतात.
रात्रीबेरात्री त्याचा एक निरोप्या येतो,
दार लोटतो, पाटी वाचतो, निघून जातो.
तुझा सूर खरा की खोटा, त्याला काय कळणार?
तो इतर दारांवर विचारत फिरतो:
ह्या नव्या माणसाचं नाव इथे कुणी घेतलंय का?
ओयार्सूनचं नाव अजून चाळीस भिंतींवर आहे,
पुसायचं कुणाच्या लक्षात नाही.
तुझं एकाही नाही.

मामा पितळी पत्ती कानसत होता.
फुंकर मारली, डोळ्याजवळ धरली.
‘म्हणजे गावासारखंच की.’

चौऱ्याऐंशी साली तो बेटावरून इथे आला.
दोन वर्षं लोक त्याच्या दारावरून
खांद्यावर अकॉर्डियन घेऊन बोटीकडे जायचे.
हात करायचे, हसायचे. आणि जायचे.
मग एका सणाच्या आदल्या रात्री
चर्चमधल्या म्हाताऱ्याची पेटी मुकी झाली,
वादळ होतं, बोट नव्हती,
म्हणून नाइलाजाने त्याची कडी वाजली.
‘एक सूर जरा खाली राहिला बघ माझ्याकडून.
अजून राहिलाय. मिरवणुकीत मला एकट्याला ऐकू येतो.’

त्याच आठवड्यात मला एकजण भेटला होता,
वीस हजार पेसोत दोनशे ठिकाणी नाव लावून देणारा.
मामाला सांगितलं, तर हातातली कानस खाली ठेवली.

‘मारिसेल, तू मिंगा पाहिलीस ना?
अख्खं घर ओंडक्यांवरून सरकतं,
कौलांसकट, खिडकीतल्या पडद्यासकट.
बैल असतात, पण दोर गाव ओढतं.
विकतचे दोर आणलेस,
तर त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल?’

मग जुलै गेला, ऑगस्ट गेला,
आकडा शून्य, कधी दोन. दोन म्हणजे मी आणि मामा.
तेनाउनच्या शाळेची पेटी त्याने फुकट लावून दिली,
वेबसाइटसाठी नाही, पोरं बेसूर गात होती म्हणून.
एर्सिराबाईंनी शाळेच्या पानावर, अगदी तळाला,
त्याचं नाव टाकलं. आडनावाचं स्पेलिंग चुकवून.
तरी तो दोर होता.
दुसरा अचाओच्या लग्नातल्या वाजंत्र्यांनी धरला.
तिसरा कुणी धरला, आम्हाला अजून माहीत नाही.

ऑक्टोबरात मामा चौथ्या पानावर आला.
ओयार्सून वरच आहे.
मामा म्हणतो, असू दे, चांगला कारागीर होता,
मला पहिली कानस त्यानेच दिली.

काल दुपारी फोन वाजला,
पुन्ता आरेनासचा नंबर, इतक्या लांबचा.
मी ओरडले, उचल ना!
मामाने कान पत्तीला लावलेला,
मोकळा हात वर केला,
थांब म्हणून.