शेवटचा आटा

लेमराबोत दिवा आधी कानाशी धरायचा,
कलिंगड पारखावं तसा,
आणि मग आकडा वाचायचा.
"हे पासष्ट नाही, पोरा. सहा. आणि पाच.
सहा धुळीचा, पाच पाण्याचा.
शेजारी राहतात,
पण एकमेकांच्या घरचं काही सांगत नाहीत."

नुआधिबूत हे पटायला वेळ लागत नाही.
एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र,
आणि मधून खनिजाची ती गाडी.
तिची शेवटची वाघीण दिसेपर्यंत
शेगडीवरचा चहा आटून जातो
आणि पेल्याच्या काठावर लालसर काळी रेघ धरते.

पहिला अंक त्याने माझ्याच हातावर शिकवला.
पालथी मूठ आत शिरली नाही, की एक.
बोट शिरलं नाही, दोन.
पेचकसाचं टोक, तीन. तार, चार.
"इथवर माणसाला दिव्यापासून जपायचं.
पुढे दिव्याला जगापासून."
पाच म्हणजे धूळ येईल,
पण काम अडेल इतकी नाही.
सहा म्हणजे येणारच नाही.
"माझ्या घराला मी पाच देतो," तो म्हणायचा,
"बायको चार म्हणते."

पाण्याचा अंक लांबत जातो:
सरळ थेंब, तिरका थेंब, शिंतोडे, धार, जोराची धार.
सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास.
"पण बुडून तगणारा
धारेपुढे तगेलच असं नाही.
लोक मोठा आकडा बघून घेतात.
किती सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी."
मग स्वतःशीच हसायचा:
"पालथा घडा बरा. त्याला आकडा लागत नाही."

ऑक्टोपसच्या कारखान्यात
रात्रपाळी संपली की ऊम्मलखैर
मांडीएवढी जाड नळी काखेत धरून भिंती धुते,
छतसुद्धा, मागे न सरता.
तिथे सहासष्ट. बारा दिवे. मीच लावलेले.

तिसऱ्या महिन्यात चौथ्या दिव्याच्या पोटात
नखाएवढं पाणी दिसलं.
खरेदीचा कारकून माझ्याकडे बघत म्हणाला,
कुठेतरी पाणी मुरतंय.
त्याला दिव्यातलं म्हणायचं नव्हतं.

लेमराबोत शिडी चढला.
काच शाबूत. रबर शाबूत.
"मालव," म्हणाला, आणि वरच थांबून राहिला.
आम्ही खाली, गमबुटांत, काही न बोलता.
"आता तो श्वास घेईल."

तापलेली हवा आत आकसते
आणि मिळेल तिथून
बाहेरचं ओलं ओढून घेते.
मिळालं होतं, जिथून केबल आत जाते तिथून.
तिथली चकती मी हातानेच आवळली होती.
पाना खाली राहिला होता, मी वर,
आणि जेवणाची सुट्टी झाली होती.

"आकडा कारखान्यात छापतात," तो म्हणाला,
"पण दिव्याला तो मिळतो
कुणी शेवटचा आटा फिरवला, की मगच."

एवढंच. रागावला नाही.
उघडून पाणी ओतलं, तर तळाशी वाळू.
पाच-सहा कण. त्याने ते माझ्या तळहातावर टेकवले.
"ही पाण्यासोबत आली नाही."

नव्हतीच आली. दिवे लावले त्या दिवशी वारा होता,
मालाचा दरवाजा सताड उघडा,
आणि मी झाकण बाजूला ठेवून
कुणाशी तरी बोलत होतो.
तीन महिने सहाच्या अंकाने
त्या वाळूला इमानाने बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

आता लेमराबोतचे डोळे गेलेत. शिडी माझी.
आधी दरवाजा लावतो.
मग कड अंगठ्याने पुसतो, रबरावरून बोट फिरवतो,
पाना कमरेलाच असतो.
पहाटे ऊम्मलखैर नळ सोडते.
बाकीचे अकरा मी बघत नाही.