वाढत्या अंगाचं

केंडलच्या चढावरच्या गल्लीत
मिसेस थ्रेलफॉल यांचं खोगिरांचं दुकान.
आत मेणाचा, कातड्याचा वास.
काउंटरखाली झोपलेलं कुत्रं.

मी सवयीनं म्हणाले, एक नंबर मोठंच दाखवा,
वाढत्या अंगाची आहे.
शाळेचा कोट अजून बोटांवर येतो तिच्या,
बुटांच्या टोकांत कापूस.

त्या हसल्या नाहीत. फीत काढली,
शाल्मलीच्या भुवयांवरून, कानांवरून,
डोक्यामागच्या उंचवट्यावरून फिरवली.
"चोपन्न. घोड्यावर आजचंच डोकं बसणार ना?"

पहिलं नाकापर्यंत घसरलं.
दुसऱ्यानं कपाळावर लाल वळ उठवला.
तिसऱ्यासाठी अंबाडा सोडून
वेणी मानेवर घ्यावी लागली.
"पट्टा राहू दे. आधी मान हलव."
हिनं नंदीबैलासारखी हलवली;
हेल्मेट जागचं सरकलं नाही,
भुवया तेवढ्या त्याच्यासोबत हलल्या.
"हेच."

मग मी हळूच पिशवीतलं जुनं काढलं,
मैत्रिणीच्या मुलीचं, फुकटचं.
एकदाच पडलंय, गाडीच्या टपावरून.
ओरखडासुद्धा नाही, बघा.

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या.
"आतलं मोडलेलं ते वरून दाखवत नाही."

अशी दोन माणसं मला ठाऊक आहेत.
मी वाद घातला नाही.

पैसे देताना पोटात कालवलं.
"वर्षानं पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या.
कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला.

परतताना गाडीच्या आरशात शाल्मली,
हेल्मेट डोक्यावरच,
भुवया वर, खाली, वर.